'अछूत कन्या'चा नाझी डायरेक्टर

गुढीपाडव्याच्या आगेमागे नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. त्याच जत्रांना एके काळी तंबूतला सिनेमाही यायचा. त्यामुळे फिरता सिनेमा म्हणजे काय, हे जुन्नर-आंबेगावच्या जुन्याजाणत्यांना समजावून सांगायची गरज नाही. असाच फिरता सिनेमा १९०७ साली जर्मनीतल्या म्यूनिकमध्ये ओस्टरमायर आडनावाच्या दोन भावांनी काढला. नाव एकदम भारदस्त, 'ओरिजिनल फिझोग्राफ कंपनी'. त्यांच्या पेटाऱ्यातल्या फिल्मांमध्ये एक हिंदुस्थानातल्या जीवनावरची होती.

त्यातल्या थोरल्या भावाने, फ्रान्झने, पुढे आडनाव छाटून 'ऑस्टेन' केलं. मग हा गडी मुंबईला आला, मालाडला राहून पंधरा-सोळा हिंदी बोलपट काढले, अशोककुमारला (नाइलाजाने का होईना) हिरो केलं, अस्पृश्यतेवरचा हिंदीतला सगळ्यात गाजलेला जुना सिनेमा दिग्दर्शित केला आणि त्याच वर्षी हिटलरच्या पक्षाचा सभासद झाला.

शेवटचं कलम छापखान्याची चूक नाही. १९३६ हे एकच साल, 'अछूत कन्या'चं आणि नाझी पक्षाच्या सभासदत्वाचंही. या माणसाची गोष्ट म्हणूनच चघळण्यासारखी आहे.

आधी बुद्ध

फ्रान्झ ऑस्टेनचा जन्म १८७६ चा, म्यूनिकचा. सुरुवात फोटोग्राफीपासून. पहिल्या महायुद्धात आधी वार्ताहर, मग शिपाई. युद्ध संपल्यावर धाकट्या भावाच्या, पीटरच्या, 'एमेल्का' या कंपनीसाठी बव्हेरियातल्या डोंगराळ खेड्यांची नाटकं पडद्यावर आणायची, हा त्याचा उद्योग. बर्लिनच्या बलाढ्य 'उफा' कंपनीला टक्कर देण्याची एमेल्काची खुमखुमी होती. गंमत म्हणजे आल्फ्रेड हिचकॉकचा 'द प्लेझर गार्डन' हा दिग्दर्शक म्हणून पहिला पुरा झालेला सिनेमा याच एमेल्काच्या म्यूनिकमधल्या स्टुडिओत झाला, १९२५ च्या सुमारास. म्हणजे एकाच कंपनीतून एक गोरा दिग्दर्शक जगप्रसिद्ध होणार होता आणि दुसरा मालाडला निघाला होता.

त्याला मालाडची वाट दाखवली हिमांशू रॉय या बंगाली तरुणाने. शिक्षण वकिलीचं, ओढा नाटकाचा. १९२४ साली तो म्यूनिकला पोचला, तेव्हा हिटलरचं फसलेलं बंड होऊन जेमतेम काही महिने झाले होते. रॉयने पीटरसमोर सरळ व्यवहार मांडला. दिग्दर्शक, कॅमेरामन आणि यंत्रं तुमची, बाकी सगळं माझं. पैसा उभा केला दिल्लीच्या ग्रेट ईस्टर्न फिल्म कॉर्पोरेशनने. विषय एडविन आर्नल्डच्या 'लाइट ऑफ एशिया' या काव्याचा, म्हणजे गौतम बुद्धाचा. बुद्धाचं काम स्वतः रॉयचं.

सिनेमाचं इथलं नाव 'प्रेम संन्यास'. बुद्धाच्या लेण्यांची लेण्याद्री, तुळजा, मानमोडी अशी दाटी जुन्नरभोवती आहे, पण ऑस्टेनचा कॅमेरा गेला जयपूरला. कारण उघड आहे. महाराजांनी हत्ती, उंट, घोडे दिले. आमच्याकडे दगडातली लेणी होती, पण हत्ती कुठून आणायचे? स्टुडिओचे देखावे नाहीत, नकली दिवे नाहीत, रंगरंगोटी नाही, अशी फुशारकी सिनेमाच्या सुरुवातीच्या पाटीवरच आहे. गोपेचं, म्हणजे यशोधरेचं, काम करणारी 'सीता देवी' ही प्रत्यक्षात रेने स्मिथ नावाची अँग्लो-इंडियन मुलगी. १९२६ साली विंडसरच्या किल्ल्यात पंचम जॉर्जसमोर त्याचा खेळ झाला. युरोपात वाहवा झाली, इथे मात्र गल्ला बेताचाच.

मग ताजमहाल, मग फासे

१९२८ ला 'शिराज', ताजमहालाची कल्पित कथा. १९२९ ला 'प्रपंच पाश', महाभारतातल्या द्यूतावर बेतलेली. दोन्हीत सीता देवी आहेच, रॉय आहेच. 'प्रपंच पाश'साठी दहा हजार माणसं आणि हजार घोडे जमवल्याची जाहिरात होती. जाहिरातीतले आकडे कुणी मोजायला जात नाही, पण पडद्यावरची गर्दी पाहिली की फारसं खोटं नसावं असं वाटतं. याच सिनेमाच्या कामात देविका राणी नावाची लंडनला शिकलेली मुलगी वेशभूषा-सजावटीला हात लावत होती. १९२९ ला तिचं रॉयशी लग्न झालं आणि पुढच्या सगळ्या रामायणाची सोय झाली.

हे मूकपट विसरले जायचे, पण नशीब बघा. 'प्रपंच पाश' दुरुस्त करून २००७ साली लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात हजारो लोकांसमोर दाखवला, नितिन साहनीच्या नव्या संगीतासह. 'शिराज'ला २०१७ साली अनुष्का शंकरने संगीत दिलं. दोन्ही वेळा नाव गाजलं संगीतकारांचं. दिग्दर्शकाबद्दल बोलायचं तर नाझी प्रकरण काढावं लागतं, आणि सोहळ्याच्या दिवशी ते कुणाला नको असतं.

मालाडला साहेबांची कंपनी

बोलपट आले आणि रॉयने १९३४ साली मालाडला 'बॉम्बे टॉकीज' उभी केली. ही नुसती सिनेमा कंपनी नव्हती. शेअर बाजारातली रीतसर लिमिटेड कंपनी, संचालकांत चिमणलाल सेटलवाड यांच्यासारखी बडी नावं, ध्वनिरोधक स्टुडिओ, स्वतःची प्रयोगशाळा. शिकलेल्या, पदवीधर मुलामुलींना घेण्यावर भर. तंत्राची बाजू जर्मनांकडे. दिग्दर्शन ऑस्टेनचं, कॅमेरा जोसेफ विर्शिंगचा, देखावे कार्ल फॉन स्प्रेटीचे, प्रयोगशाळा विल्हेल्म झोल्लेची. ध्वनीला एक इंग्रज, हार्टले.

आता मुख्य गंमत. ऑस्टेनला हिंदी येत नव्हतं. संवाद काय चाललेत ते दुसऱ्याने सांगायचं, आणि त्याने चेहरा, हालचाल, प्रकाश बघून 'ओके' म्हणायचं. मूकपटात मुरलेला माणूस, त्यामुळे हे जमूनही गेलं. बॉम्बे टॉकीजचे सिनेमे आज पाहिले तर संवादांपेक्षा चेहरे लक्षात राहतात, ते उगाच नाही. देविका राणीच्या चेहऱ्यावर विर्शिंग ज्या हिशोबाने उजेड टाकतो, तसा त्या काळच्या दुसऱ्या स्टुडिओंत क्वचितच दिसतो. ऑस्टेनला भाषा येत असती तर कदाचित त्याने नटांना जास्त बोलू दिलं असतं, आणि सिनेमे बिघडले असते!

पहिला बोलपट 'जवानी की हवा', १९३५. पडद्यावर पोचायच्या आधीच वादात. संगीत दिलं होतं सरस्वती देवीने, म्हणजे खुर्शीद मिनोचर-होमजी या पारशी बाईने. धाकटी बहीण माणेक पडद्यावर होती. पारशी मुली सिनेमात गेल्या म्हणून समाजात गदारोळ झाला, निषेध झाले. खुर्शीदबाईंनी नाव बदललं, काम नाही बदललं. हिंदी सिनेमातल्या पहिल्या संगीतकार बायांत त्यांचं नाव आज आदराने घेतात, आणि निषेध करणाऱ्यांची नावं कुणाला आठवत नाहीत.

"या जबड्याचा हिरो?"

'जवानी की हवा'चा नायक नजमुल हसन. पुढचा सिनेमा 'जीवन नैया' चालू असताना नजमुल आणि देविका राणी दोघंही पसार. मालकाची बायको आणि कंपनीची नायिका एकदमच गायब! ध्वनिविभागातल्या शशधर मुखर्जींनी मध्ये पडून देविका राणीला परत आणली. नजमुलला दार बंद. उर्दू लेखक मंटोने हा सगळा प्रकार आपल्या खास तिरकस लेखणीने लिहून ठेवला आहे.

आता हिरो कुठून आणायचा? रॉयची नजर गेली प्रयोगशाळेतल्या एका पोराकडे, कुमुदलाल गांगुली, शशधरचा मेव्हणा. ऑस्टेनने त्याला बघून नाक मुरडलं, जबडा फार जड आहे, हा काही नट व्हायचा नाही, असा किस्सा सिनेमावाल्यांत पिढ्यान्‌पिढ्या फिरतो. रॉयने ऐकलं नाही. कुमुदलालचा अशोककुमार झाला आणि त्याने पुढची साठेक वर्षं तोच जबडा घेऊन पडदा गाजवला. दिग्दर्शकाची पारख म्हणून हा किस्सा काही फार अभिमानाचा नाही. पण ऑस्टेनचा एक गुण कबूल करायला हवा. मालकाने सांगितल्यावर त्याने त्या पोराला चांगला उभा केला.

फाटक, मुलगी आणि पक्षाची पावती

'अछूत कन्या' सुरू होतो तो असा. रात्रीची वेळ. रेल्वेचं फाटक बंद. फाटकाशी एक मोटार अडकलेली, बाजूला एका बाईचं छोटंसं स्मारक. तिथून गोष्ट मागे जाते. फाटकवाल्या अस्पृश्य दुखियाची मुलगी कस्तुरी, ब्राह्मण दुकानदार मोहनचा मुलगा प्रताप. मोहनला साप चावला तेव्हा दुखियाने त्याचा जीव वाचवलेला, म्हणून दोन घरांत जिव्हाळा. पोरांचं प्रेम. पण गाव आडवं येतं आणि दोघांची लग्नं भलतीकडे होतात. शेवटी त्याच फाटकावर, रुळांवर दोन पुरुषांची मारामारी, समोरून गाडी येते, आणि गाडी थांबवायला धावलेली कस्तुरी मरते.

देविका राणी, अशोककुमार, निरंजन पाल यांची कथा, सरस्वती देवीचं संगीत. गाणी नट-नटीने स्वतः म्हटलेली, कारण उसन्या गळ्याची सोय अजून रुळली नव्हती. नेहरू आणि सरोजिनी नायडूंनी हा सिनेमा पाहिला. देविका राणी घराघरांत पोचली. बॉम्बे टॉकीजच्या कँटीनमध्ये सगळ्या जातींची माणसं एकत्र जेवत, असंही सांगतात.

आता आजूबाजूला बघा. ऑक्टोबर १९३५ मध्ये डॉ. आंबेडकरांनी येवल्यात जाहीर केलं होतं की हिंदू म्हणून मरणार नाही. १९३६ मध्ये त्यांचा जातिनिर्मूलनावरचा निबंध छापून आला. पुण्यात 'प्रभात'ने १९३५ मध्ये एकनाथांवरचा 'धर्मात्मा' काढला, बालगंधर्व एकनाथ. मूळ नाव 'महात्मा' होतं, सेन्सॉरने गांधीजींचा वास आला म्हणून बदलायला लावलं. म्हणजे विषय हवेत होता, मराठी मुलखात तर जास्तच.

आणि जर्मनीत? सप्टेंबर १९३५ मध्ये न्यूरेंबर्गचे कायदे आले. ज्यू आणि 'आर्य' रक्ताच्या जर्मनांचं लग्न म्हणजे गुन्हा. जातीबाहेर प्रेम केलं म्हणून जीव गेलेल्या मुलीचा सिनेमा मालाडला करायचा, आणि जातीबाहेर लग्न केलं तर तुरुंगात टाकणाऱ्या पक्षाची सभासद-पावती घ्यायची. हे एकाच माणसाने, एकाच वर्षी केलं. असा विरोधाभास एखाद्या कथालेखकाने लिहिला असता तर संपादकाने 'अतिरंजित' म्हणून परत पाठवला असता.

काही लोक ऑस्टेनची बाजू घेतात. परदेशातल्या जर्मनांवर पक्षात येण्याचा दबाव होता, वगैरे. असेल. पण दबाव सगळ्यांवरच होता आणि सही प्रत्येकाची स्वतःची असते. दुसरे लोक त्याच्या सिनेमांत नाझी प्रचार शोधतात. तो मात्र सापडत नाही. मालाडच्या पडद्यावर हिटलर नाही, आर्यवंशाचा गौरव नाही. याचं साधं कारण म्हणजे कथा ठरवायचा निरंजन पाल, जहाल बिपिनचंद्र पालांचा मुलगा, आणि पैसा व शेवटचा शब्द हिमांशू रॉयचा. ऑस्टेन कसबी कारागीर होता, विचारवंत नव्हता. विषय दिला की तो व्यवस्थित चित्रित करायचा, बुद्धाचा असो, सावित्रीचा असो की अस्पृश्य कस्तुरीचा.

'अछूत कन्या'लाही डोक्यावर घ्यायचं कारण नाही. त्यात गाव बदलत नाही, मुलगी मरते आणि तिचं स्मारक होतं. स्मारक झालं की सगळ्यांची सुटका! येवल्याच्या घोषणेनंतर हा शेवट फारच भित्रा वाटतो.

मराठे, भिल्ल आणि नागपूरचा किशोर

१९३७ च्या 'इज्जत'मध्ये ऑस्टेनने मराठे आणि भिल्ल यांचा संघर्ष घेतला. म्यूनिकचा माणूस, बंगाली निर्माता आणि विषय मराठ्यांचा. त्याच वर्षीच्या 'जीवन प्रभात'ने नागपूरला शिकलेल्या किशोर साहूला पहिली संधी दिली. १९३८ चे 'भाभी', 'निर्मला', 'वचन' आणि १९३९ चे 'दुर्गा', 'नवजीवन' हे नुसते नावापुरते सांगून पुढे जातो. त्या काळात एक दिग्दर्शक वर्षाला तीन-चार सिनेमे उडवत असे, सगळ्यांचं कौतुक करायचं बंधन नाही.

लीला चिटणीस आणि पोलीस

१९३९ चा 'कंगन'. नायिका आपली लीला चिटणीस. पदवीधर, मराठी रंगभूमीवरून आलेली, पुढे लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय नटी. त्यांचं 'चंदेरी दुनियेत' हे आत्मचरित्र मराठीत आहे, जुन्या सिनेमाच्या हौशींनी जरूर शोधून वाचावं. चित्रण चालू असतानाच सप्टेंबरमध्ये युरोपात युद्ध पेटलं आणि ब्रिटिश सरकारने बॉम्बे टॉकीजच्या जर्मनांना उचललं. उरलेलं काम सहायकांनी उरकलं. 'कंगन' जोरात चालला आणि अशोककुमार-लीला चिटणीस ही जोडी जमून गेली.

तेव्हा पकडलेल्या जर्मनांसाठी सरकारची छावणी अहमदनगरला होती. आळेफाट्यावरून कल्याण-नगर रस्त्याने सरळ गेलात की जे नगर लागतं तेच. तिबेटात सात वर्षं काढणारा गिर्यारोहक हाइनरिश हारर हाही आधी नगरलाच, मग देवळालीला आणि तिथून डेहराडूनला. पुरंदरच्या किल्ल्यावरही युद्धकाळात युरोपीय कुटुंबं स्थानबद्ध होती. या मुलखात दुसरं महायुद्ध झालं नाही असं म्हणतात, पण त्यातले कैदी मात्र आपल्या शेजारीच होते.

साठी ओलांडलेल्या ऑस्टेनला वयामुळे सुटका मिळाली. १९४० साली तो जर्मनीला परतला, युद्ध संपेपर्यंत बव्हेरियाच्या फिल्म कंपनीत नटांची निवड बघत बसला, आणि नंतर बाड आयब्लिंग या गावात स्नानगृहाचा व्यवस्थापक झाला. तिथेच १९५६ मध्ये वारला. हिमांशू रॉय त्याच्या बऱ्याच आधी, मे १९४० मध्ये गेला.

मागे राहिलेले

खरी चुरचुरीत गोष्ट पुढची आहे. देखावे उभारणारा कार्ल फॉन स्प्रेटी परत जाऊन खासदार झाला, मग पश्चिम जर्मनीचा राजदूत. ग्वाटेमालात बंडखोरांनी त्याचं अपहरण केलं आणि एप्रिल १९७० मध्ये त्याचा खून झाला. मालाडला कागद-लाकडाच्या भिंती उभ्या करणारा माणूस जगाच्या मथळ्यांत असा गेला.

कॅमेरामन विर्शिंगला देवळाली, डेहराडून, सातारा अशी छावण्यांची वारी घडली. सुटल्यावर मात्र तो गेला नाही. 'महल' (१९४९) त्याच्या कॅमेऱ्याने उजळला, 'दिल अपना और प्रीत पराई' (१९६०) त्याचाच. 'पाकीजा'चं चित्रण वर्षानुवर्षं रखडलं, १९६७ ला विर्शिंग वारला, सिनेमा आला १९७२ मध्ये. म्हणजे मीनाकुमारीच्या शेवटच्या त्या रूपात मालाडच्या जर्मनाचा हात आहे. त्याने काढलेल्या स्थिरचित्रांचं प्रदर्शन २०१७ साली पणजीच्या सेरेंडिपिटी महोत्सवात झालं होतं.

जाता जाता आणखी एक. त्याच १९७२ मध्ये व्ही. शांतारामांचा 'पिंजरा' आला. श्रीराम लागू, निळू फुले, संध्या, आणि तमाशा असा की नारायणगावच्या माणसाला घरचाच वाटावा. पण गोष्ट मुळात 'ब्ल्यू एंजेल' या १९३० च्या जर्मन सिनेमाची. मास्तर तिकडचा, फड इकडचा. जर्मन सिनेमाशी आपलं नातं हे असं, मागच्या दाराचं!

तर मग काय म्हणायचं याला?

माझं मत सरळ आहे. ऑस्टेनला 'हिंदी सिनेमाचा विसरलेला शिल्पकार' वगैरे म्हणणारे लेख वाचले की चीड येते, आणि 'नाझी म्हणून त्याचे सिनेमे बघूच नका' म्हणणाऱ्यांचंही पटत नाही. सिनेमे बघावेत, पण श्रेय मोजून द्यावं. 'अछूत कन्या'चा विचार निरंजन पालांचा, धाडस रॉयचं, चेहरा देविका राणीचा, उजेड विर्शिंगचा, सूर सरस्वती देवीचे. ऑस्टेनच्या वाट्याला उरते ती नीटनेटकी जुळवाजुळव, आणि त्याच वर्षाची ती पक्षाची पावती. 'अछूत कन्या' आजही इंटरनेटवर बघायला मिळतो. बघताना श्रेयनामावली पुढे ढकलू नका.